तेरावा फर्मा

बाइंडरबाईने रजिस्टर उघडलंच नाही. टेबलावर पालथं घातलं, पाठीवर अंगठा टेकवला आणि डोळे मिटून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला. दुखणाईताला ‘इथं दुखतं का’ म्हणून विचारावं तसा.

“अहो, आत बघायचंय ना आपल्याला?” वकीलबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “साडेदहा झाले. परवानगी बारापर्यंतचीच आहे.”

“आत सगळ्यांनी बघून झालंय. पाठीला कुणी हात लावला नसेल.”

रेकॉर्ड रूमच्या दाराशी स्टुलावर बसलेले दप्तरीकाका खुदकन हसले आणि लगेच खोकले. सरकारी नोकरीत हसू खोकल्यात लपवायची त्यांना तीस वर्षांची सवय होती.

चार महिन्यांपूर्वी बाइंडरबाईच्या धाकट्या भावाला दुसऱ्या शहरात, एका इमारतीला गिलावा करत असताना, परदेशी म्हणून उचललं होतं. दोन दिवसांत कागद दाखव म्हणाले. त्याने जन्माचा दाखला दाखवला, नोंद क्रमांक चारशे बारा. पडताळणीसाठी इथं विचारणा झाली आणि इथून उलट टपाली उत्तर गेलं की त्या वर्षीच्या रजिस्टरात चारशे बारा क्रमांकाची नोंदच नाही, सबब दाखला बनावट. तिसऱ्या दिवशी त्याला सीमेपलीकडे नेऊन सोडलं. तिकडची भाषा त्याला येत नव्हती, आणि तिकडच्यांना हा कोण ते कळत नव्हतं. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण मात्र आदल्या एका रजिस्टरात ठसठशीत नोंदलेली. एकाच आईच्या पोटी एक नागरिक आणि एक परदेशी जन्माला घालण्याचा चमत्कार सरकारने एका ओळीत करून दाखवला होता. ‘असं नव्हे’ म्हणून सांगायला आईवडील उरले नव्हते.

तेव्हापासून तिने अकरा अर्ज केले होते. प्रत्येक अर्जात दोन मागण्या असत. भावाला परत आणा, ही पहिली. त्याला कुणी पाठवलं ते नावानिशी लिहून द्या, ही दुसरी. पहिलीवर सहानुभूती मिळायची. दुसरीवर पोचपावतीही मिळत नसे. शेवटी वकीलबाईंनी चौकशी समिती पदरात पाडून घेतली. आज दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर सुनावणी होती, आणि त्याआधी रजिस्टर डोळ्यांनी बघायची परवानगी.

तिने आता रजिस्टर सरळ केलं आणि नेमकं मधोमध उघडलं.

“हे बघा, तीनशे चौऱ्याऐंशी. आणि समोरच्या पानावर एकदम चारशे सतरा,” वकीलबाई म्हणाल्या. “सीमेपार पाठवणाऱ्या खात्याच्या साहेबांचं म्हणणं, कारकुनाने मधले नंबर गाळले आणि त्या भोकात कुणीतरी खोटा दाखला बसवला.”

“किती गाळले?”

वकीलबाई बोटांवर मोजू लागल्या. त्यांचा हिशोब तिसऱ्या बोटावर असतानाच बाइंडरबाईचा चेहरा बदलला. चार महिन्यांत तो असा कुणी पाहिला नव्हता.

“बत्तीस,” ती म्हणाली. “वकीलबाई, कारकून चुकला तर एक नंबर गाळतो. घरी भांडण झालेलं असेल तर दोन. डुलकी लागली तर दहासुद्धा गाळेल. बरोब्बर बत्तीस गाळणार नाही. बत्तीस फक्त बाइंडर गाळतो.”

“म्हणजे?”

तिने वकीलबाईंच्या फायलीतले चार कोरे कागद ओढून घेतले, एकात एक घालून मधे दुमडले आणि त्यांच्या हातात ठेवले.

“हा फर्मा. पुस्तक असे फर्मे एकावर एक रचून शिवतात. पानं मोजा, सोळा भरतील. एका पानावर नोंदी दोन. सोळा दुणे?”

“बत्तीस,” वकीलबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसायचं विसरून उभ्याच राहिल्या.

“या रजिस्टरात बारा फर्मे आहेत, मग एकदम चौदावा. पाठीवरून हात फिरवताना मधे दोरा सैल लागला तो उगाच नाही. तेरावा कुणी फाडलेला नाही, फाडला असता तर चिंध्या राहिल्या असत्या. तो दुसऱ्याच पुस्तकात जाऊन बसलाय. काका, ही रजिस्टरं पुन्हा बांधली होती ना?”

“सतरा वर्षं झाली,” दप्तरीकाका म्हणाले. “वरची पाण्याची टाकी फुटली होती. पाच रजिस्टरं फुगून टम्म. तुमच्याचकडे दिली होती की गं. तुझ्या वडिलांनी न्यायला हातगाडी आणली होती.”

“बाबांनी बांधली?” ती क्षणभर थबकली. “बाबांचा फर्मा असा इकडचा तिकडे व्हायचा नाही. बरं, ते असू दे. बाकीची चार काढा.”

“परवानगीत हे एकच रजिस्टर लिहिलंय.”

“काका.”

“काका म्हणून काय होतंय? परवानगी म्हणजे परवानगी.” दप्तरीकाका उठले, चष्मा कपाळावर चढवला, भिंतीकडच्या लोखंडी कपाटाचं कुलूप उघडून पाहिलं आणि किल्ली तशीच लटकत ठेवली. “मी चहा घेऊन येतो. कपाट बंद करायचं मला आठवत नाही, त्याबद्दल दोनदा मेमो मिळालाय. तिसरा मिळेल.”

ते जिन्यावर पोचायच्या आत चारही रजिस्टरं टेबलावर होती. बाइंडरबाईला काय शोधायचं ते पक्कं ठाऊक होतं. भावाच्या वर्षीचा कारकून जांभळ्या शाईने लिहायचा, बाकीचे सगळे काळ्या. तिने पहिल्या रजिस्टराची कड अंगठ्याने फरफर सोडली, दुसऱ्याची सोडली. तिसरं नदीपलीकडच्या छोट्या विभागाचं होतं. तिथं त्या वर्षी जन्मच कमी झाले होते. तीनशे एकाहत्तरावर वर्ष संपलं होतं, खाली कारकुनाने समाधानाने दोन लाल रेघा मारल्या होत्या आणि पुढची साडेसहा पानं कोरी होती. लाल रेघांच्या पुढे कोण कशाला जातंय?

ती गेली. कोरी पानं संपली आणि जांभळी शाई सुरू झाली.

तीनशे पंच्याऐंशी.

“धरा,” ती म्हणाली. नक्की काय धरायचं ते न कळल्यामुळे वकीलबाईंनी तिचा खांदाच धरला. बाइंडरबाई एकेक पान उलटत गेली, घाई न करता, कारण ओली होऊन वाळलेली पानं घाईला तुटतात. चौदाव्या पानावर ती थांबली. चारशे बारा. मुलगा. आईचं नाव. बापाचं नाव. बापाचा धंदा, बाइंडर. गल्लीचं नाव, घराचा नंबर. तोच नंबर आजही तिच्या दारावर होता.

वकीलबाईंना हसू आवरेना. त्या तीस वर्षांच्या, गंभीर चेहऱ्याच्या, कोर्टात आवाज न चढवणाऱ्या बाई. त्यांनी तिथंच दोन पावलं नाचून घेतली आणि मग कुणी पाहिलं का म्हणून दाराकडे बघितलं. दप्तरीकाका तीन कप घेऊन दारात उभे होते.

“मी काही पाहिलं नाही,” ते म्हणाले. “तसाही मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

चहा पिता पिता बाइंडरबाईने सवयीने रजिस्टराचा मागचा पुठ्ठा उघडला. तिच्या वडिलांचा एक शिरस्ता होता. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून बोटभर चिठ्ठी डकवायची. फर्मे किती, तारीख, आणि शिवण कुणाची. ‘उद्या पान सुटलं तर कुणाला हाक मारायची ते कळायला हवं,’ असं ते म्हणत.

चिठ्ठी होती. फर्मे तेरा. तारीख. आणि शिवणीपुढे तिचं स्वतःचं नाव, तिच्याच वीस वर्षांच्या तिरक्या अक्षरात.

तिने कप खाली ठेवला. तो दिवस आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. पाच रजिस्टरं, शेजारी शेजारी रचलेले गठ्ठे. एका गठ्ठ्यात बारा फर्मे, एकात वीस-बावीस. तेरावा उचलला आणि या हाताऐवजी त्या हाताला ठेवला. बस, एवढंच झालं असणार. पण आठवेना. पाऊस होता की ऊन, मन कशात होतं, काहीच नाही. साधाच कुठलातरी दिवस असणार.

वकीलबाईंनी चिठ्ठी वाचली. तिच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं.

“ही निघते का हो?” त्यांनी विचारलं. “म्हणजे, मी सहज विचारतेय.”

“ओलं बोट लावलं की निघते. मागे डागसुद्धा राहत नाही.”

“कारण हे साहेबांच्या हातात पडलं तर ते पेढीवरच्या शेठजीसारखे निवांत टेकून बसतील. चूक सरकारची नाही, अर्जदारबाईंची स्वतःची. झालं. तुमची दुसरी मागणी तिथंच संपली.”

बाइंडरबाईने बोट ओलं केलं नाही. पुठ्ठा मिटला, एवढंच.

एक वाजता भावाचा फोन आला. रोज एक वाजता यायचा. तिकडे सीमेच्या कुंपणाशेजारच्या एका सायकलवाल्याला त्याने दुकानाची भिंत लिंपून दिली होती, त्याबदल्यात दिवसाला पाच मिनिटं. घरात त्याला थापी म्हणत, हातातलं अवजार म्हणून आणि बोलण्याची तऱ्हा म्हणूनही.

“ताई, या देशाच्या भिंती फार वाईट आहेत. मला आणखी वर्षभर ठेवलं तर सगळ्या सरळ करून देईन.”

“थापी, सापडलं.”

पलीकडे नुसती सायकलची घंटी वाजली.

“चारशे बारा?”

“चारशे बारा. जांभळ्या शाईत. वजनसुद्धा लिहिलंय. सव्वातीन किलो.”

“म्हणजे आहे मी,” तो म्हणाला. मग तो घाईने हसला. “बघ, मी सांगत होतो ना सगळ्यांना. कुणी ऐकायला तयार नव्हतं.”

“ऐक. फर्मा चुकीच्या पुस्तकात शिवला होता. मी शिवला होता. सतरा वर्षांपूर्वी.”

“तू?”

“हो.”

“तू मला सीमेपार केलंस होय?” तो आता खरंच हसायला लागला, इतका की शेजारी कुणीतरी काय झालं म्हणून विचारल्याचं तिला ऐकू आलं. “लहानपणी म्हणायचीस ना, तुला कुठंतरी लांब सोडून येते म्हणून. बोललीस तसं केलंस.”

“हसू नकोस, गाढवा.”

“हसू नको तर काय करू? ताई, हे काय, माझ्यासारखेच इकडे आणून सोडलेले अकरा जण बसलेत माझ्याजवळ. हसतोय बघून सगळे हसतायत. त्यातले चौघे तर आपल्याच गावचे. त्यांचेपण दाखले खोटे म्हणे. त्यांची बहीण बाइंडर नाही, बिचाऱ्यांची—”

पाच मिनिटं संपली. बाइंडरबाई फोन हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसली. मग ती उठून पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेली. दप्तरीकाकांनी तिला अडवलं नाही. सुनावणीला निघेपर्यंत ती त्या तेराव्या फर्म्याशी बसून होती, आणि या वेळी पानं उलटायची तिला मुळीच घाई नव्हती.

वरच्या मजल्यावर लांब टेबल होतं. मधोमध समितीच्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, बारीक अंगाच्या आणि कमी बोलणाऱ्या. डाव्या हाताला साहेब, ज्यांच्या सहीने माणसं सीमेपार जात. ते काही राक्षस नव्हते. दारातून आत येताना त्यांनी वकीलबाईंना आधी वाट दिली होती. त्यांच्यामागे एक टायपिस्टबाई सीमेपार पाठवलेल्यांची जाडजूड यादी मांडीवर घेऊन बसली होती.

वकीलबाईंनी दोन्ही रजिस्टरं उघडली, फर्मा दाखवला. साहेबांनी पहिली शंका काढली, जी काढायलाच हवी होती.

“हे पान काल बसवलं नाही कशावरून? अर्जदारबाई स्वतःच बाइंडर आहेत.”

“भोकं मोजा,” बाइंडरबाई म्हणाली. “मोठ्या विभागाच्या, म्हणजे भावाच्या रजिस्टराच्या, जुन्या शिवणीला सहा भोकं आहेत, नदीपलीकडच्या छोट्याच्या पाच. या फर्म्याला सहा. जुनी भोकं पाण्याने फुगून गोल झालीत. अशी भोकं मला आज पाडता आली असती, तर मी आणखी मोठं दुकान टाकलं असतं.”

अध्यक्षबाईंनी खरोखरच भोकं मोजली. दोनदा मोजली. मग मागचा पुठ्ठा उघडून चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“हे नाव कुणाचं?”

“माझं. फर्मा मी चुकीच्या जागी शिवला.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या खांद्यांवरून मात्र ओझं उतरल्यासारखं झालं. ते मनापासून, अगदी सद्भावनेने पुढे झुकले.

“मग प्रश्नच मिटला. खात्याने उपलब्ध रेकॉर्डवरून कारवाई केली. रेकॉर्ड कुणी बिघडवलं ते आता समोर आहे. बाईंबद्दल आम्हाला आकस नाही. भावाला आठ दिवसांत आणू. उद्याच पत्र काढतो. प्रकरण बंद करून टाकू.”

आठ दिवस. बाइंडरबाईने टेबलाची कड धरली. आठ दिवसांनी थापी दारात उभा असणार, चपला कुठंतरी भिरकावून, काय जेवायला आहे विचारत. एक हो म्हणायचं होतं.

“मला कागद द्या,” ती म्हणाली.

दिला. तिने तारीख घातली आणि लिहिलं. किती फर्मे, कुठला फर्मा, कुठून काढून कुठं शिवला. खाली सही. एवढं लिहायला तिला तीन मिनिटंही लागली नाहीत, आणि अकरा अर्जांवर सरकारने जेवढं लिहिलं नव्हतं तेवढं त्यात होतं. मग तिने कागद साहेबांकडे सरकवला.

“माझं झालं. आता पुढचं तुम्ही लिहा.”

“मी काय लिहायचं?”

“दोन दिवस माझा भाऊ सांगत होता, माझ्या बहिणीला विचारा, ती रजिस्टर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत राहते. कुणी विचारलं नाही ते. नंबर सापडेना तेव्हा बत्तीसच का सापडत नाहीत, हे कुणाच्या मनात आलं नाही ते. मी फर्मा हलवला. माणूस मी हलवला नाही.”

साहेबांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला.

“बाई, त्या दिवशी माझ्यासमोर एकशे चाळीस फायली होत्या. खोटं कशाला बोलू, मला तुमच्या भावाची फाइल आठवतसुद्धा नाही.”

“मलाही माझा दिवस आठवत नाही,” ती म्हणाली. “तरी लिहिलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“आणि आठ दिवसांचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “साहेब आणतो म्हणतायत. तुमचं समाधान नाही?”

“आहे की. आजच आणा. पण प्रकरण बंद कसं करणार? फर्मा हलला तेव्हा त्यातला एकटा माझा भाऊ नाही हलला.” तिने आपली पिशवी पुढ्यात घेतली आणि घडी घातलेला कागद काढला. दुपारी दोन तास बसून तिने तो उतरवून घेतला होता. “उरलेली एकतीस नावं आहेत. ज्याने ज्याने दाखला पडताळायला दिला असेल, त्याला त्याला हेच उत्तर गेलं असेल. माझ्यामुळे. ती तुमच्या यादीशी ताडून बघा.”

“त्यासाठी वेगळा अर्ज लागेल,” साहेब म्हणाले, पण सवयीने. त्यांची नजर कागदावरून हटत नव्हती.

अध्यक्षबाईंनी कागद घेतला आणि दाराशी रजिस्टरांच्या राखणीला उभ्या असलेल्या दप्तरीकाकांकडे दिला. टायपिस्टबाईला मांडीवरची यादी उघडायला सांगितली.

दप्तरीकाकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी घसा साफ केला, या वेळी कसलंही हसू न लपवता, आणि वाचायला लागले. नंबर, नाव, बापाचं नाव. तीनशे पंच्याऐंशी. टायपिस्टबाईचं बोट यादीवरून खाली गेलं आणि तिने मान हलवली, नाही. तीनशे शहाऐंशी, नाही. सत्त्याऐंशी, नाही. साहेबांनी पाठ खुर्चीला टेकवली.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

बोट खाली सरकत गेलं, आणि एका ओळीवर थांबलं. टायपिस्टबाईने ते उचललं नाही. तिने वर साहेबांकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे, मग पुन्हा ओळीकडे.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढून ते तिने सरकवलेल्या कागदाशेजारी सरळ ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

“पुढचं वाचू?” दप्तरीकाकांनी विचारलं.

“वाचा,” साहेबच म्हणाले.